बिनदोऱ्याचा मणी

मोघे सर वर्गात आले की आधी खिडकीपाशी जायचे. खिडकीच्या लोखंडी गजावर उजवा तळहात टेकवून क्षणभर उभे राहायचे आणि मगच फळ्याकडे वळायचे. हजेरी त्यानंतर. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, सर गजाला नमस्कार करतायत. काशीत कोण कशाला नमस्कार करील याचा नेम नसतो, त्यामुळे कुणी हसलंही नाही. पुढे एकदा त्यांनीच वर्गाला सांगितलं, की थंडीत शाल-स्वेटर अंगावर घासतं, अंगावर विजेचा भार चढतो, तो लोखंडाला देऊन टाकायचा. मला मात्र त्यांनी तेच मराठीत सांगितलं. "घरचा भार वर्गात आणायचा नाही गं. नाहीतर कुणावर तरी उतरतो."

मला मराठीत सांगितलं, कारण मी त्यांच्या गल्लीतली. मंगला गौरीच्या देवळामागे आमची पाच-सहा मराठी घरं होती, त्यात सरांचं घर सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर. त्यांचे वडील दशग्रंथी वैदिक. मुलानं वेद सोडून भौतिकशास्त्र धरलं याचं त्यांना शेवटपर्यंत दुःख होतं म्हणतात, पण सरांकडे बघून वेद सुटलेत असं वाटायचं नाही. धोतर जाऊन पँट आली होती एवढंच. बाकी उच्चाराची शिस्त तीच, चुकीचा राग तोच. सूत्र म्हणताना एक अक्षर जरी गाळलं तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. शाळेत हिंदी, गल्लीत मराठी आणि फळ्यावर ग्रीक अक्षरं, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा. आमची मराठी म्हणजे अर्धी हिंदीच. "अगं, नळ खुला ठेवून कुठे चालली गेलीस?" असं ते आपल्या बायकोला म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही.

त्यांचा खरा जीव स्थिरविद्युतीच्या गणितांत. दोन भारित गोळे इथे, तिसरा कुठे ठेवला म्हणजे तो हलणार नाही, असली गणितं. गणित वाचून झालं की ते खडू खाली ठेवत आणि विचारत, "कौन-कौन ढकेल रहा है?" हे त्यांचं पहिलं वाक्य. सगळ्या बलांची नावं घेतल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. "एकाही बलाला विसरू नका," म्हणायचे, "विसरलेलं बल रुसून बसत नाही, उत्तरात येऊन बसतं." आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात एकदा मखर सारखं डावीकडे कलायचं. सगळे उजवीकडची दोरी ताणून ताणून थकले. सर आले, लांब उभे राहिले आणि तेच विचारलं, कोण कोण ओढतंय. मग पडद्यामागे गेले आणि दिव्यांच्या माळेची एक वायर सोडवून आले, जी कुणीतरी मखराला गुंडाळून खिडकीला बांधली होती. मखर सरळ झालं. त्यानंतर प्रसाद वाटून होईपर्यंत ते त्या वायरीबद्दलच बोलत होते.

पावसाळ्यात ते हा धडा शिकवत नसत. "आषाढात स्थिरविद्युत म्हणजे चाळणीत पाणी," म्हणायचे. दमट हवेत भार टिकत नाही. म्हणून अभ्यासक्रम उलटापालटा करून ते हा धडा थंडीवर ढकलत, आणि मग एका सकाळी कापडी पिशवीतून त्यांचं उपकरण बाहेर पडे. दोन काचेच्या बाटल्या, त्यांच्या बुचांवर बसवलेले दोन पितळी गोळे. बाशिंगाला लागतं त्या भेंडाचा एक मणी, त्याच्यावर मिठाईवरचा चांदीचा वर्ख चिकटवलेला. मण्यातून ओवलेला बनारसी रेशमाचा धागा एका गोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेला. प्लास्टिकची नळी शालीवर घासून सर तिघांनाही एकाच जातीचा भार देत. मग फुंकर घालून मणी एका बाजूला सरकवत. जवळचा गोळा त्याला परत ढकले, मणी डुलत डुलत मधोमध येऊन थांबे. कितीही सरकवा, तो आपला मध्ये. सर हात जोडल्यासारखे करून म्हणत, "स्थायी संतुलन." आणि वर्गात खरोखर टाळ्या पडत.

आमच्या वर्षी हा मणी असा मधोमध परत आला तेव्हा वर्गात मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाळ्या झाल्या आणि तिसऱ्या रांगेतून नसरीन उभी राहिली. नसरीन मदनपुऱ्याची, विणकरांच्या घरची; वर्गात फारशी बोलायची नाही, पण गणित आमच्याआधी सोडवून खिडकीबाहेर बघत बसायची. तिनं विचारलं, "सर, धागा हटा दें तब?"

"तब गिर जाएगी," सर म्हणाले. वर्ग हसला. साहेबही हसले.

ती बसली नाही. म्हणाली, तसं नाही, मणी वरून लटकवला तर? जरासा बाजूला गेला तर दोन्ही गोळे मिळून त्याला बाजूलाच ढकलतील, तो परत येणार नाही. हातानं करून दाखवलं तिनं. मागे साहेबांनी मान वाकडी करून सरांकडे पाहिलं. मी पहिल्या बाकावर होते, मला सरांचा कान लाल झालेला दिसला. मग ते जे बोलले ते मला त्यांच्या आवाजासकट पाठ आहे.

"ए बिटिया, धागे की इतनी चिंता है तो घर जाके नरी भरो. फिजिक्स तुम्हारे बस का नहीं."

नरी म्हणजे मागावरच्या धोट्यात बसते ती धाग्याची कांडी. मदनपुऱ्यातल्या बायका-मुली ती घरी चरख्यावर भरतात. नसरीनही भरायची, शाळेतून गेल्यावर, आणि हे वर्गात निम्म्यांना ठाऊक होतं. त्यामुळे या खेपेचं हसू लांबलं. सरांनी तिला उभंच राहायला सांगितलं आणि मला विचारलं, "मृदुला, तुम बताओ." मी म्हटलं, स्थायी संतुलन. उत्तर फळ्यावर लिहिलेलं होतं. मला शाबासकी मिळाली, साहेबांनी माझं नाव विचारलं, आणि नसरीन घंटा होईपर्यंत उभी राहिली.

पुढच्या वर्षी ती विज्ञानाच्या वर्गात नव्हती. त्या एका वाक्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. घरची कारणंही असतील. पण आम्ही कुणी तिला विचारायलाही गेलो नाही.

एका वाक्यावरून माणूस जोखू नये, म्हणून हेही सांगते. हेच सर, ज्यांनी माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून माझा अभ्यास घेतला. हेच सर, जे परीक्षेच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पेन चालतंय का विचारायचे. कुणाला जाणूनबुजून दुखावणारा माणूस नव्हता तो. मला वाटतं, म्हणूनच ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ज्याला दुखावायची सवय असते तो आपले वार मोजून ठेवतो.

पंचवीसेक वर्षं गेली. मी बनारसमध्येच राहिले, बँकेत लागले. सर निवृत्त झाले, काकू गेल्या, सरांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला. एकाचं ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्याचं जेमतेम. गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावून घेतलं. खोलीत जमिनीवर त्या दोन बाटल्या मांडलेल्या होत्या. सर भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. मला वाटलं तब्येत बिघडली.

"बस," म्हणाले. "मी मुलांना चुकीचं शिकवलं गं. इतकी वर्षं."

झालं होतं ते असं. थंडी पडली म्हणून त्यांनी हौसेनं उपकरण काढलं. पण अधू डोळ्यांनी मण्यातून धागा ओवेना. दोन दिवस खटपट करून शेवटी कंटाळले आणि मणी सरळ लांब धाग्यानं वरून, कपडे वाळत घालायच्या तारेला लटकवला. गोळ्यांच्या मधोमध आणून भार दिला, आणि मणी सटकन बाजूला निघून गेला. परत आणला, परत गेला. त्यांनी मला करून दाखवलं. दोन गोळ्यांच्या मधून तो बाहेर पडायचा आणि लांबच जाऊन राहायचा.

"आडव्या धाग्यानं धरलेला होता म्हणून टिकत होता," सर म्हणाले. "धागा त्याला बाजूला जाऊच देत नव्हता. कोण कोण ढकलतंय, कोण कोण धरतंय, जगाला विचारत फिरलो आणि धाग्यालाच मोजलं नाही." मग म्हणाले, "ती मदनपुऱ्याची पोरगी. तिनं हेच सांगितलं होतं. वरून लटकवा म्हणाली होती. आणि मी तिला उभं केलं."

मी म्हटलं, झालं गेलं सर, किती जुनी गोष्ट. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूत्रातलं अक्षर गाळलंय. मग वडिलांचं सांगितलं. वैदिकाचं पठण सभेत चुकलं तर ते त्याच सभेत दुरुस्त करायचं असतं. जिथे चूक झाली तिथून, मोठ्यानं. "घरी येऊन पुटपुटलं तर ते प्रायश्चित्त नव्हे, ते आपलं समाधान. सभा तर आता पांगली. पण ती पोरगी आहे, मी आहे आणि तू आहेस. तू साक्षीला चल."

नसरीन कुठे असते हे मला ठाऊक होतं. मदनपुऱ्यात तिचं रेशमी धाग्याचं दुकान आहे, सासऱ्यांचं होतं, आता तीच बघते. तिचं खातं माझ्याच शाखेत. महिन्या-दोन महिन्यांनी काउंटरपलीकडे यायची, आम्ही एकमेकींच्या मुलांची चौकशी करायचो. शाळेचा विषय तिनं कधी काढला नाही आणि मी तर नाहीच नाही.

सर बोलत होते तेव्हा मी वाट बघत होते, की ते त्या वाक्यापाशी येतील. आले नाहीत. त्यांना गणित आठवत होतं, साहेब आठवत होते, तिचे हातवारेसुद्धा आठवत होते. नरी मात्र पुसली गेली होती. मी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, त्याहून बरी वेळ मिळणार नव्हती. पण त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून मी गप्प बसले आणि आपण फार समजूतदारपणे वागतोय अशी स्वतःची समजूत घातली.

रिक्षातही सांगता आलं असतं. पिशवी मांडीवर धरून सर हिंदीत वाक्य जुळवत होते, मला विचारत होते, "'हमसे भूल हुई' म्हणू की 'हम गलत थे'? भूल म्हणजे जरा हलकं होतं, नाही?" मी म्हटलं, गलत थे म्हणा. त्यांनी मान हलवली. गोदौलियाच्या गर्दीत रिक्षा अडकून पडली, तेव्हाही मी समोरच्या सायकलवाल्याकडे बघत राहिले.

नसरीनच्या दुकानाच्या पायरीशी सर थांबले. लोखंडी शटरच्या कडेवर त्यांनी तळहात टेकवला. नेहमी क्षणभर टेकवायचे, या खेपेला बराच वेळ तसेच उभे होते. आत भिंतभर धाग्याच्या लडी, गल्ल्यावर नसरीन, दोन गिऱ्हाइकं. तिनं सरांना लगेच ओळखलं आणि डोक्यावरचा दुपट्टा सारखा करून उठली. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. सर बसले नाहीत. मला म्हणाले, लाव. मी गल्ल्यावर बाटल्या मांडल्या, वरच्या आकड्याला मणी लटकवला. सरांनी शालीवर नळी घासली. मणी बाजूला निघून गेला.

"देखा?" सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "नसरीन अंसारी, तुम सही थीं. हम गलत थे. धागा हटाओ तो नहीं टिकता. पूरे क्लास के सामने तुमको गलत बोले थे. मृदुला गवाह है."

नसरीन मण्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. थोडं आश्चर्य होतं, थोडं अवघडलेपण. म्हणाली, "सर, आप इसके लिए आए हैं? ये गोली वाली बात तो हमको याद भी नहीं थी."

सर गोंधळले. "लेकिन तुम खड़ी रही थीं. घंटी तक."

"खड़े तो थे. इस बात पर थोड़े ही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मृदुला को याद होगा."

सर माझ्याकडे वळले आणि मराठीत विचारलं, "काय गं? आणखी काही बोललो होतो मी?"

त्या दुकानात मराठी आम्हा दोघांनाच कळत होती. मी त्या आडोशाला गेले. म्हटलं, "काही विशेष नाही, सर. नंतर सांगते."

नसरीनला शब्द कळले नसतील, चेहरा कळला. ती शांतपणे म्हणाली, "हिंदी में बोलो, मृदुला. उस दिन भी हिंदी में ही बोला गया था."

मग मी बोलले. मान खाली घालून, लडींकडे बघत, ते वाक्य जसंच्या तसं. ए बिटिया, धागे की इतनी चिंता है तो घर जाके नरी भरो. फिजिक्स तुम्हारे बस का नहीं. धाग्याच्या दुकानात उभं राहून. माझ्या तोंडून सरांचाच हेल निघाला, इतकं ते मला पाठ होतं. एक गिऱ्हाईक, म्हातारा विणकर, हातातली लड खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

सरांनी हातातली नळी गल्ल्यावर ठेवली, शाल काढून बाजूला ठेवली आणि हात सरळ सोडून उभे राहिले, वर्गात शिक्षा झालेलं पोर राहतं तसे. नसरीन म्हणाली, बैठिए सर. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. चहा आला, निवला. गुडघ्यांचं दुखणं मला ठाऊक होतं. मी दंडाला धरायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला. गिऱ्हाईक आलं, नसरीननं धागा तोलून दिला, पैसे घेतले, आणि सर तिथेच उभे. मी स्टुलावर बसले होते. केव्हा बसले ते मला आठवत नाही, पण बसले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक तास भरला असेल, शाळेचा. नसरीन गल्ल्यामागून बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. म्हणाली, "सर, घंटी हो गई. अब बैठिए."

तेव्हा ते बसले. मी उठून स्टूल दिलं आणि ते त्यावर बसून ओंजळीत तोंड घालून रडले. तिनं निवलेला चहा परत पाठवला आणि दुसरा मागवला. तो त्यांनी प्यायला. निघताना मणी आणि बाटल्या तिथेच राहिल्या. सरांनी मागितल्या नाहीत, तिनं दिल्या नाहीत.

परतताना घाटाकडच्या उतारावर सरांनी विचारलं, "तुला आधीपासून आठवत होतं?"

मी हो म्हटलं.

"मग वर खोलीतच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, सर."

ते पायरीवर थांबले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "माझं वाईट वाटणं एवढं सांभाळलंस. तिचं कुणी सांभाळलं?" मग काठी टेकत दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "मी काही आपल्या जोरावर मध्ये टिकलो नव्हतो, मृदुला. तुम्ही सगळे धरून होतात."

या श्रावणात सर गेले. झोपेतच गेले. त्यांची मुलगी नागपूरहून आली होती, घर आवरून कुलूप लावून गेली. गल्लीतले लोक अजून सरांच्या आठवणी काढतात: मखराची वायर, परीक्षेच्या दिवशीचं पेन, खिडकीचा गज. मीही त्यात भर घालते. मदनपुऱ्याची गोष्ट मात्र मी आज पहिल्यांदाच सांगतेय, कारण ती सांगितली नाही तर सरांना धरून ठेवणारा पुन्हा तोच आडवा धागा.

नसरीन बँकेत येते. परवा आली तेव्हा तिला सर गेल्याचं सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली, म्हणाली, "अच्छे आदमी थे." मी मान हलवली. मला वाटलं ती आणखी काही म्हणेल, निदान माझ्याबद्दल काही. तिनं पासबुक घेतलं आणि गेली. सरांना तिनं बसा म्हटलं होतं. मला अजून कुणी म्हटलेलं नाही.